मोहिमेच्या वाटेवरचे गाव

संशयी : काका, तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही संगणकावर लढायांचे खेळ खेळू लागलात, याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही, विरंगुळा कोठे शोधावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझी हरकत आहे ती तुमच्या एका विधानाला. सरदेसायांची रियासत आणि यादव माधव काळ्यांचा वऱ्हाडचा इतिहास आयुष्यभर वाचूनही जे नीटसे उमगले नव्हते, ते या खेळांनी उमगवले, असे तुम्ही म्हणता. इतिहास शिकविणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला हे विधान ऐकून सोडून देता येत नाही. माझ्या वर्गात येणारी मुलेही हेच खेळ खेळून येतात, आणि त्यांच्या प्रश्नांवरून मला दिसते ते असे की, त्यांना इतिहास हा योग्य वेळी योग्य कळ दाबण्याचा व्यवहार वाटू लागला आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाच्या १९९९ साली निघालेल्या दुसऱ्या भागाचेच पाहा. कोणतेही राष्ट्र घ्या, त्याचा आरंभ बहुधा एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक टेहळ्या स्वार एवढ्यावरच होतो. पुढे अंधारयुग, सरंजामी युग, किल्ल्यांचे युग आणि साम्राज्ययुग अशी जी शिडी सर्वांनी चढायची ती युरोपच्या इतिहासावरून बेतलेली आहे. २०२२ साली त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी आपल्याकडची नवी राष्ट्रे घातली गेली आणि पूर्वीच्या ‘इंडियन्स’चे नाव हिंदुस्तानी असे झाले, पण शिडी तीच राहिली. शिवाय खेळ न्याय्य व्हावा म्हणून सर्व राष्ट्रांचे बळ तोलून-मापून जवळजवळ सारखे ठेवावे लागते. ज्या विषमतेतून प्रत्यक्ष इतिहास घडतो, ती विषमताच आधी काढून टाकायची आणि उरलेल्याला ऐतिहासिक म्हणायचे, हे मला पटत नाही.

अनुरागी : तुझ्या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. ती शिडी परकी आहे, आणि ज्याला कालक्रम शिकायचा आहे त्याने त्या खेळाच्या वाटेला जाऊ नये. पण मला जे उमगले असे मी म्हणतो ते वेगळे आहे, आणि ते पालखेडच्या उदाहरणाने सांगतो. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव निजामावर निघाला. नोव्हेंबरात जालन्याकडे निजामाच्या फौजेशी त्याची चकमक झाली. तेथून तो पूर्वेकडे वळून माहूर, मंगरूळपीर आणि वाशिम या भागात उतरला, मग एकाएकी वायव्येस खानदेशात गेला, कुकरमुंड्याजवळ तापी ओलांडून गुजरातेत शिरला आणि जानेवारीत छोट्या उदेपुरापर्यंत पोहोचला. इकडे निजामाने पुणे घेतले आणि तेथे कोल्हापूरच्या संभाजीला छत्रपती म्हणून जाहीर केले. बाजीराव बऱ्हाणपुरावर जातो आहे अशी हूल उठताच निजाम पुणे सोडून निघाला, आणि शेवटी आपल्या जड तोफा मागे टाकून पालखेडच्या निर्जल माळावर २५ फेब्रुवारी १७२८ रोजी कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. हे सर्व मी कितीदा तरी वाचले होते, आणि वाचताना प्रत्येक वेळी माझे लक्ष शेवटच्या कोंडीवर असायचे. मधल्या चार महिन्यांच्या भटकंतीत मला शौर्य दिसे, चापल्य दिसे, कारण दिसत नसे. निजामाने तोफा मागे का टाकल्या? एवढा मुरब्बी मुत्सद्दी, ज्याने औरंगजेबाच्या हाताखाली लढाया पाहिल्या, तो असा हातघाईवर का यावा?

ते मला पटावरच कळले. मी तोफा घेऊन निघालो आणि प्रतिपक्षाकडे नुसते घोडदळ होते. माझी तोफ भिंत पाडू शकत होती, पण पाडायला भिंतच समोर नव्हती. आणि अंगाशी येऊन भिडलेल्या स्वारावर तिचा गोळा चालत नव्हता, कारण त्या खेळातल्या तोफेला ठरावीक अंतराच्या आत मारा करता येत नाही. तोफांच्या रक्षणाला फौज ठेवावी तर शत्रू माझ्या शेतांवर आणि खाणींवर दुसरीकडे पडतो; त्याच्या मागे जावे तर तोफा उघड्या पडतात. म्हणजे मला दोन वाईट पर्यायांपैकी एकाची निवड करावयाची होती, आणि ती निवड मला शत्रूने आणून दिली होती. निजाम मूर्ख नव्हता, घाबरटही नव्हता. बाजीरावाने त्याच्या सर्व चांगल्या वाटा एकेक करून बंद केल्या होत्या. फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासाच्या ग्रंथात या मोहिमेची जी वाखाणणी केली, ती आपण अभिमानाने सांगत असतो. पण ती वाखाणणी कशाबद्दल आहे हे मला पराभव पत्करून समजले. ग्रंथ वाचणारा नेहमी निकाल माहीत असलेला माणूस असतो. खेळणाऱ्याला निकाल माहीत नसतो, आणि सेनापतीलाही तो माहीत नव्हता. न पाहिलेला मुलूख पडद्यावर काळा राहतो. जासूद जेथे पोहोचला तेवढेच दिसते. त्या काळोखात निर्णय घेण्याचा अनुभव मला कोणत्याही पुस्तकाने दिला नाही.

संशयी : हा मुद्दा बलवान आहे, आणि त्याला जुना आधारही आहे, हे मी स्वतःच सांगतो. प्रशियाच्या लष्करात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ च्या सुमारास नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम सिद्ध केले. त्यात दोन्ही पक्षांना एकमेकांच्या हालचाली दिसू नयेत म्हणून मध्ये एक पंच बसविलेला असे, आणि तेथील सेनापतींनी तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. तेव्हा अनिश्चितता अनुभवास यावी यासाठी खेळाचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण तुमचेच पालखेड तुमच्या विरुद्ध साक्ष देईल. मराठा राज्य घेऊन खेळता येते असा एक प्रसिद्ध खेळ म्हणजे २००९ सालचा ‘एम्पायर : टोटल वॉर’. त्याचा काळ १७०० ते १७९९ असा आहे आणि त्यात वर्षाचे डाव दोन, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. आता विचार करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सारा काळ त्या पटावर एका डावात मावतो. ज्या मोहिमेचे सगळे सामर्थ्य दिवसांच्या हिशेबात होते, ती त्या पटावर घडूच शकत नाही. आणि पावसाळा? दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचे, मृगाच्या आधी छावणीला परत यायचे, नद्या उतरल्यावाचून घोडा हलवायचा नाही, या चक्रावर मराठ्यांचे सारे युद्धकारण फिरत होते. त्या खेळाच्या पंचांगात बर्फ पडतो, पण मृग लागत नाही.

अनुरागी : खरे आहे, आणि मी तो खेळ पालखेड समजून घेण्यासाठी खेळतही नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागात काळ दिवसादिवसाने पुढे सरकतो, ११ नोव्हेंबर १४४४ पासून १८२१ पर्यंतचा एकेक दिवस. एका प्रांतातून दुसऱ्यात जायला किती दिवस लागतील हे तेथे आधी पाहावे लागते, आणि एखादा प्रांत किती फौज पोसू शकतो याची मर्यादा ठरलेली असते; ती ओलांडली की लढाई न होताही माणसे गळू लागतात. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीची काय दशा झाली, बुणग्यांसकट ती अफाट वस्ती रसद तुटल्यावर कशी उपाशी मरू लागली, हे शेजवलकरांनी सांगितले आहे. परंतु माझी फौज जेव्हा एका प्रांतात अडकून महिन्यामागून महिना नुसती झिजत गेली, तेव्हा १४ जानेवारी १७६१ ला उपाशीपोटी बाहेर पडण्याचा निर्णय हा अविचार नव्हता, उरलेला एकच विचार होता, हे मला प्रथम अंगाने कळले. मी जन्मभर जमाबंदीच्या नोंदी पाहिल्या आहेत. आणेवारी किती, वसूल किती, बाकी किती. इतिहास म्हणजे लढाया, आणि महसूल म्हणजे कचेरीतली कंटाळवाणी कामे, अशी दोन खाती माझ्या डोक्यात वेगळी होती. या खेळांनी ती एक केली. फौज हे महसुलाचे चालते रूप आहे, हे मला आता कोणी शिकवायला नको.

संशयी : काका, आता तुम्ही स्वतःच मला हव्या त्या ठिकाणी आणून सोडले. फौज हे महसुलाचे चालते रूप. मग तो महसूल कोणाचा? तुम्ही बाजीरावाचा मार्ग सांगितला त्यात माहूर, मंगरूळपीर आणि वाशिम ही तीन नावे तुम्ही एका श्वासात घेऊन पुढे खानदेशात गेलात. इतिहासकारही असेच जातात. पण आपण दोघे बसलो आहोत ते वाशिमात. तुमचे आजोळ मंगरूळपीरचे. बाजीराव या मुलखात यात्रेला आला नव्हता. निजामाचा मुलूख उजाड करून त्याला पुण्यापासून ओढून काढावे हाच त्याच्या चालीचा एक भाग होता. म्हणजे ज्या शेतांची नासाडी ही त्या चालीची किंमत होती, ती शेते येथली. गुरे हाकली गेली ती येथली. आणि त्या चालीच्या सौंदर्याने मोहून जाणारे तुम्हीही येथले. तुमच्या ‘युरोपा’त अशा मुलखासाठी एक आकडा आहे, उद्ध्वस्तता शेकडा इतकी. फौज निघून गेली की तो आकडा दरमहा थोडाथोडा उतरत जातो आणि काही वर्षांनी शून्य होतो, खेळणाऱ्याने काहीही केले नाही तरी. मला त्या खेळातली हिंसा खटकत नाही. महाभारतात तिच्याहून पुष्कळ हिंसा आहे. मला खटकतो तो हा आपोआप उतरणारा आकडा. त्यात बेणे विकून खाल्लेला कुणबी नाही, पुढच्या मृगाला बैल नसलेला नाही, गाव सोडून गेलेला आणि परत न आलेला नाही.

अनुरागी : थांब. मोहिमेच्या वाटेवरचा माणूस त्या खेळात मुळीच दिसत नाही, हे मी मान्य करणार नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये शत्रूचे स्वार शेतांवर आले की एक घंटा वाजवता येते. ती वाजली की शेतात राबणारा, लाकडे तोडणारा, खाणीत खणणारा प्रत्येक गावकरी हातातले काम टाकून नगरकेंद्राकडे धावतो आणि आत शिरतो. जितका वेळ ते आत बसतात तितका वेळ राज्याचे उत्पन्न बंद. शत्रूने एकही माणूस मारला नाही तरी तुमचे धान्य येणे थांबले आहे, आणि बाहेर केव्हा सोडावे याचा निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे. लवकर सोडले तर ते कापले जातील, उशिरा सोडले तर तुम्ही कंगाल व्हाल. हे प्रथम पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्या खेड्यांतल्या गढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आज ढासळल्या आहेत, कित्येकांची माती लोकांनी घरे लिंपायला नेली आहे. लहानपणी त्यांत आम्ही लपाछपी खेळलो, पण देशमुखाची श्रीमंती यापलीकडे त्यांचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. पेंढाऱ्यांनी १८०९ साली वाशिम लुटले, हे मी गॅझेटिअरात वाचले होते. धूळ दिसली की काळीतले लोक पांढरीत धावत, आणि पांढरीतले गढीत. आणि आत बसलेला प्रत्येक जण बाहेरचे पीक मनात मोजत असे. हे दोन्ही एकत्र जुळले ते त्या घंटेमुळे.

संशयी : जुळले हे मान्य, पण कोणाच्या बाजूने? घंटा कोण वाजवतो, हे पाहा. गावकऱ्यांना आत घेणारा आणि बाहेर काढणारा तुम्ही आहात, आणि तुम्हाला त्यांची काळजी आहे ती एकेक गावकरी पन्नास मापे धान्याला पडतो म्हणून. आत बसलेल्याला पीक दिसते. तुम्हाला उत्पन्न दिसते. तुमच्या कचेरीच्या भाषेत बोलायचे तर तुम्ही रयतेचे दुःख हुजुरातीच्या खात्यावर जमा केले आहे.

आणि हा भेद मी माझ्या पदरचा काढलेला नाही. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहविलेले जे पत्र आहे, ते तुम्ही माझ्याहून अधिक वेळा वाचले असेल. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण तुम्ही आताच मनास येईल तशी उडवलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला उपद्रव देऊ लागाल, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी भाजी, आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. असा त्या पत्राचा आशय आहे. त्यात दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, हेसुद्धा बजावले आहे. आता त्यात जमाखर्च आहे, रसद आहे, पुढच्या चार महिन्यांची तजवीज आहे; तुमच्या खेळात जे जे आहे ते सारे आहे. पण तो सगळा हिशेब ज्या टोकाला जाऊन थांबतो, तेथे एका कुणब्याच्या परसातली भाजी आहे. तुमच्या पटावर तो हिशेब फौजेपाशी थांबतो. खेळ दाणा मोजायला शिकवतो हे खरे. तो कोणासाठी मोजायचा हे शिकवत नाही, आणि न शिकवता त्याचे उत्तर मात्र गृहीत धरून बसतो.

अनुरागी : हे तू चांगले मांडलेस. पण त्याच महाराजांचा या जिल्ह्याशी आलेला संबंध तू विसरू नकोस. १६७० च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत लुटून, दिंडोरीजवळ मोगलांची वाट फोडून निघाल्यावर, त्याच वर्षी मराठ्यांची फौज बागलाण आणि खानदेश ओलांडून वऱ्हाडात उतरली आणि आपल्या कारंज्यावर पडली. जदुनाथ सरकार लिहितात त्याप्रमाणे सोने, रुपे आणि उंची कापड मिळून कोटभर रुपयांची लूट चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेण्यात आली, गावातले धनिक खंडणीसाठी धरून नेले, आणि त्यांतला सर्वांत मोठा सावकार तेवढा स्त्रीवेषाने निसटला. कारण बायकांच्या अंगाला हात लावायचा नाही ही मराठ्यांच्या फौजेची शिस्त त्याला ठाऊक होती. आता मला सांग, या प्रसंगी खरा हिशेब कोठे थांबला होता? स्वराज्याच्या रयतेची भाजी सुरक्षित राहावी म्हणून मोगलाईतल्या कारंज्याचे कापड गेले. तू म्हणतोस तो कुणब्याच्या परसापर्यंत जाणारा हिशेबसुद्धा सरहद्दीपाशी थांबतोच. यात महाराजांना दूषण देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. शत्रूची रसद आणि तिजोरी तोडणे हा त्या काळचा युद्धधर्म होता, आणि स्त्रियांविषयीचे ते बंधन त्यांनी पाळले हेच विशेष. पण मग दोष खेळाचा कसा? बखरी काय, रियासती काय, आमचे पोवाडे काय, सर्वांनी कारंजा घोड्यावरूनच पाहिला. खेळाने फक्त तो घोडा माझ्या हाती दिला.

संशयी : त्या स्त्रीवेष घेतलेल्या सावकाराकडेच थोडे लक्ष द्या, काका. त्याला लुटारूंचा नियम माहीत होता, आणि त्या नियमावर त्याने आपला जीव तारला. ही गोष्ट तुमच्या कोणत्या खेळात घडेल? बायका-मुलांना हात लावायचा नाही, ब्राह्मणाला अगर फकिराला त्रास द्यायचा नाही, पीक तुडवायचे नाही, असा निर्बंध स्वतःवर घालून घेण्याची सोय पटावर नसते, आणि घातला तरी त्याचे कसलेही फळ मिळत नाही. बखरकार घोड्यावर बसलेला असला तरी त्याच्या लेखणीत हा निर्बंध उतरला. घोडा हाती देणे आणि घोडेस्वाराचे मन हाती देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनुरागी : इथे मी निरुत्तर आहे असे समज. आपल्या बाजूने एवढेच सांगतो, की तू ज्याला घोडेस्वाराचे मन म्हणतोस ते सर्वच लेखण्यांत उतरलेले नाही. तू ‘आपण कायम टापांखाली होतो’ अशा सुरात बोलतोस, म्हणून उलट बाजूचे उदाहरण देतो. हेच वाशिम वत्सगुल्म म्हणून चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. सर्वसेनाने ती शाखा स्थापिली आणि हरिषेण हा तिचा सर्वांत प्रतापी राजा. तेव्हा मोहिमा येथून निघत. हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात कोरविलेल्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची माळ दिली आहे. ती वाचताना मला खेळ संपल्यावर पडद्यावर येणारी यादी आठवते. आणि त्या श्लोकातला नेमका क्रियापदाचा भाग झिजून गेला आहे. म्हणजे हरिषेणाने त्या देशांचे काय केले, जिंकले, लुटले, मांडलिक केले की नुसते सैन्य फिरवून आणले, हे तो दगड सांगत नाही; देशांची नावे तेवढी शाबूत आहेत. तेव्हा गाव आकड्यात किंवा नावात विरून जाण्याची रीत संगणकाने आणलेली नाही. ती पंधराशे वर्षे जुनी आहे, आणि आपल्याच गावच्या राजाच्या लेखात आहे.

संशयी : जुनी आहे म्हणून ती क्षम्य ठरत नाही. उलट मी असे म्हणेन की लेखाला आणि बखरीला एक अडचण होती. दगडावर जागा थोडी, आश्रयदाता एकच. संगणकाला ती अडचण नाही. हजारो गावकऱ्यांच्या हालचाली ज्या यंत्रात एकाच वेळी मोजता येतात, त्या यंत्रात एका विणकराच्या घरचा हिशेब का मोजता येऊ नये? कनकापूरच्या तहात, १७६९ साली, जानोजी भोसल्याने पेशव्याला दरसाल वाशिम आणि बाळापूर येथे विणलेले पाच हजार रुपयांचे कापड द्यावे असे कलम घातले गेले. माधवराव आणि जानोजी यांचे भांडण; कोण कोणाच्या मुलखात शिरला, कोणी कोणाला हुलकावणी दिली, हे सर्व तुमच्या पटावर उत्तम रंगेल. पण ते कापड ज्याने विणले त्याला पुढच्या वर्षी सूत कोठून मिळाले, मोबदला मिळाला की ती वेठच होती, हे प्रश्न खेळाच्या रचनेत बसतच नाहीत. यंत्राची शक्ती अपुरी पडते म्हणून ते बसत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. खेळणाऱ्याला राजा व्हायचे असते, विणकर व्हायचे नसते, म्हणून ते बसत नाहीत. दोष खेळाचा कसा, असे तुम्ही विचारलेत. दोष खेळणाऱ्याच्या इच्छेचा आहे, आणि खेळ ती इच्छा जोपासतो.

अनुरागी : ती इच्छा बदलू शकते, याला पुरावा आहे. पोलंडमधल्या एका कंपनीने २०१४ साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ नावाचा खेळ काढला. सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात तू सेनापती नाहीस, सैनिकही नाहीस. वेढा पडलेल्या शहरात एका मोडक्या घरात राहणारी काही माणसे तुझ्याकडे आहेत, आणि रात्री बाहेर पडून औषध, लाकूड, खाणे शोधून आणायचे आहे. प्रसंगी दुसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून चोरून आणायचे, आणि मग चोरणारा माणूस दुसऱ्या दिवशी खिन्न होऊन कामच करीत नाही. जगभर लाखो लोकांनी तो खेळला, आणि २०२० साली पोलंडच्या पंतप्रधानांनी तो शाळांच्या वाचनयादीत घालण्याचे जाहीर केले. तेव्हा विणकर व्हायला लोक तयार असतात. माझ्या मनात तर कित्येक दिवसांपासून असा एक खेळ घोळतो आहे: १७२७ चा हिवाळा, स्थळ वाशिम, खेळणारा येथला देशमुख किंवा पाटील. गाव निजामाच्या अमलात, पण चौथ आणि सरदेशमुखी मागायला मराठ्यांचे कमाविसदार येतात. पुढे भोसल्यांच्या काळात तर दोअमलच. एकाच गावावर दोन सरकारांचे अंमलदार, वर घासदाणा. बाजीरावाची फौज जालन्याहून निघाल्याची बातमी हरकाऱ्याने आणली आहे. गढीत धान्य किती न्यायचे, खंडणी आधीच ठरवून टाकायची की निजामाच्या कुमकेची वाट पाहायची, कुमक आली तर तिलाही पोसावे लागणार, आणि मराठ्यांना पैसा दिल्याचे निजामाच्या अधिकाऱ्याला कळले तर दंड वेगळाच. या खेळात जिंकणे नाही. पुढच्या मृगापर्यंत गाव वसते ठेवायचे, एवढेच.

संशयी : हा खेळ निघाला तर मी स्वतः तो वर्गात दाखवीन. आणि तरीही, काका, माझी खरी भीती इथेच सुरू होते. ‘धिस वॉर ऑफ माइन’ रचणाऱ्यांना सारायेव्होतून वाचलेल्या माणसांचे जबाब उपलब्ध होते. तुम्ही १७२७ च्या वाशिमात किती माग घालणार? किती घरे? खंडणी किती? फौज गेल्यावर किती माग बंद पडलेले दाखवणार? मोहिमेची वर्णने बाजीरावाचे मुक्काम देतात, या घरांचा हिशेब देत नाहीत. यंत्राला रिकामी जागा चालत नाही. वराहदेवाचा दगड झिजला तेथे आपण झिजला आहे असे म्हणून थांबू शकतो. संगणक थांबू शकत नाही, त्याला क्रियापद पुरवावेच लागते. तुम्ही तीनशे माग घातलेत की पुढच्या वर्षी माझा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहील की १७२७ साली वाशिमात तीनशे माग होते. राजाच्या बाजूने खोटे खेळ निघाले, त्यांना उत्तर म्हणून रयतेच्या बाजूने खोटा खेळ काढायचा, हे एका इतिहासाच्या माणसाला कसे परवडेल?

अनुरागी : पण आज तेथे कोणता आकडा आहे, याचा तू विचार केलास का? बाजीरावाच्या मार्गात माहूर, मंगरूळपीर, वाशिम ही नावे मी एका श्वासात घेतली म्हणून तू मला टोकलेस. त्या श्वासात मी माग शून्य धरले, घरे शून्य धरली, गुरे शून्य धरली. आणि तो शून्य तुझ्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खरा मानला, उत्तरपत्रिकेत लिहिला आणि त्याचे गुण मिळवले. माझे तीनशे चुकतील, पण शून्याहून ते खऱ्याच्या जवळ असतील. शिवाय अंदाजाला साधन नाही असे नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि हैदराबादच्या आसफजाही दफ्तरात महसुलाचे कागद आहेत. फौज जेथून गेली तेथे पुढच्या सालच्या वसुलात तूट पडते, कोठे सूट दिली जाते, कोठे गाव बेचिराख म्हणून नोंदले जाते. जमाबंदी वाचायला मी आयुष्य घातले आहे. त्या तुटीवरून मागे जाऊन नासाडीचा अजमास काढता येतो.

संशयी : तुटीवरून तिजोरीचे किती बुडाले ते निघेल. ज्या विणकराने घरातली भांडी विकून आपला हप्ता भरला, त्याच्या नावापुढे तूट दिसणारच नाही. कागदावर तो सुखवस्तू ठरेल, आणि जो पळून गेला तोच तेवढा तुमच्या खेळात मोजला जाईल. म्हणजे सरकारच्या खात्यातून रयतेचा खेळ रचताना तुम्ही पुन्हा सरकारच्याच डोळ्यांनी पाहणार.

अनुरागी : मग भांडी विकणाऱ्या विणकरासाठी नियम तू लिही. खेळाच्या रचनेत माझ्यापुढे अडलेली जागा तीच आहे: खंडणी पुरती भरली गेली, गढी शाबूत राहिली, वसुलात छदामाची तूट नाही, आणि तरीही गावाचे काही गेले आहे, हे पटावर कोणत्या खुणेने दाखवायचे? कागद ती खूण देत नाही हे तू सिद्ध केलेस. तुझ्या व्यवसायाकडे दुसरा कोणता पुरावा असेल, जुने वाडे, वंशावळी, कोष्ट्यांच्या आणि साळ्यांच्या घरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, तर तो आण; मी आकडा घालण्याची घाई करणार नाही.

संशयी : गोष्टी मी गोळा करू शकेन. पण ज्या घरी गोष्ट टिकली ते घरही टिकलेलेच घर असते, काका. गाव सोडून गेलेल्यांची गोष्ट येथे कोण सांगणार? तेवढी एक जागा तुमच्या पटावर काळीच ठेवावी लागेल, आणि खेळणाऱ्याने कितीही जासूद पाठवले तरी ती उजळू नये, असा नियम यंत्राला घालता येतो का, ते आधी पाहा.